वावरातला डीव्हीआर पुण्यातून कसा पाहायचा: जुन्या आणि नव्या आयपीमधला टनेल, पायरीपायरीने

वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा, यवतमाळकडची कापसाची गोदामं, गावाबाहेरचे गुरांचे कोठे, सगळीकडे आता कॅमेरे लागले आहेत. वावरापर्यंत वायर येत नाही, म्हणून फोर-जीचं सिम टाकलेला राउटर आणि त्याला जोडलेला जुना डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी, असा थाट असतो. बागेतल्या वायफायवर चित्र छान दिसतं. पण मुलगा पुण्यातून पाहायला गेला की लागत नाही. कॅमेरेवाला म्हणतो सिम बदला, सिमवाला म्हणतो राउटर बदला, आणि शेतकरी दोन्ही बदलून मोकळा होतो तरी चित्र काही येत नाही. कारण अडचण वस्तूत नसतेच, पत्त्यात असते. डीव्हीआरला इंटरनेटचे फक्त जुने पत्ते कळतात आणि मोबाइल नेटवर्क आज मुख्यतः नव्या पत्त्यांवर चालतं.

ज्यांना राउटरचं पान उघडून वायफायचा पासवर्ड बदलता येतो, पण त्यापुढच्या मेनूत हात घालायची भीती वाटते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एक आधीच सांगतो: कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप क्यूआर कोड स्कॅन करून चालत असेल आणि तुम्हाला एवढंच हवं असेल, तर टनेलच्या, म्हणजे एका प्रकारच्या पत्त्यांची रहदारी दुसऱ्या प्रकारात गुंडाळून नेण्याच्या, नादी लागायची गरज नाही. टनेल लागतो तो कंपनीची क्लाउड सेवा बंद पडली असेल तेव्हा, किंवा डीव्हीआरसोबत मोटरीचा कंट्रोलर, ऑफिसातला कॉम्प्युटर, वजनकाटा असं सगळंच बाहेरून वापरायचं असेल तेव्हा.

आधी पत्त्यांचं समजून घ्या

जुनी पद्धत म्हणजे आयपी व्हर्जन ४. तिचं प्रमाण दस्तऐवज १९८१ सालचं. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे पत्तेही तळाला गेले. नवी पद्धत म्हणजे आयपी व्हर्जन ६, पत्ता १२८ बिटांचा. तिचा मसुदा १९९८ सालीच पक्का झाला होता. यापुढे मी व्ही-४ आणि व्ही-६ एवढंच म्हणेन.

या दोघांचं एकमेकांशी थेट बोलणं होत नाही, सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. व्ही-४चं यंत्र व्ही-६च्या यंत्राला सरळ हाक मारू शकत नाही. त्यावर उपाय दोन. एक भाषांतर: वाटेत कुणीतरी पॅकेटचा (इंटरनेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचा) व्ही-६ मथळा, म्हणजे पत्ता लिहिलेला भाग, काढून व्ही-४चा लावतो. तुमच्या फोनमध्ये हे रोज चालतं. फोनच्या नेटवर्क माहितीत १९२.०.०.४ सारखा विचित्र पत्ता दिसला, तर फोनला नेटवर्ककडून फक्त व्ही-६ मिळालं आहे आणि जुन्या ॲपसाठी तो आतल्या आत भाषांतर करतो आहे असं समजा.

दुसरा उपाय टनेलचा. यात पॅकेटला हात लावायचा नाही. ते जसंच्या तसं दुसऱ्या पाकिटात घालायचं, बाहेरच्या पाकिटावर रस्त्याला चालेल असा पत्ता लिहायचा, आणि पलीकडे बाहेरचं पाकीट फाडून आतलं पुढे द्यायचं. आतलं पाकीट व्ही-४ आणि बाहेरचं व्ही-६, किंवा याच्या उलट, दोन्ही चालतं.

इंटरनेटवर शोधायला गेलात तर सापडणारी बरीच माहिती उलट दिशेची आहे, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. २००१ ते २०१० च्या काळात सगळं जग व्ही-४वर होतं, त्यामुळे व्ही-६ची पॅकेटं व्ही-४मध्ये घालून नेणं हाच टनेलचा अर्थ होता. सिक्स-टू-फोर आणि टेरेडो ही त्या काळातली नावं. सिक्स-टू-फोरचा सार्वजनिक रिले पत्ता २०१५ मध्ये अधिकृतपणे बाद ठरवला गेला. म्हणून जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर २००२ ने सुरू होणारा व्ही-६ पत्ता दिसला तर तो सिक्स-टू-फोरचा उरलेला अवशेष आहे, बंद करून टाका. २००१:० ने सुरू होणारा असेल तर टेरेडो, त्याच्याही मागे लागू नका. आपल्या गावात आज परिस्थिती बरोबर उलटी आहे. सिमवर व्ही-६ खरं, स्वतःचं आणि थेट मिळतं. व्ही-४ मात्र शेकडो ग्राहकांमध्ये वाटून दिलेलं असतं. म्हणून इथे जुनं नव्यामध्ये घालून न्यायचं आहे.

पायरी पहिली: आपल्याला काय मिळालंय ते पाहा

ही पायरी गाळून पुढे जाणारे लोक मग दोन-दोन दिवस चुकीच्या जागी खटपट करतात. राउटरच्या पानावर स्टेटस किंवा वॅन असं जिथे लिहिलंय तिथे जा आणि दोन्ही पत्ते कागदावर उतरवून घ्या.

व्ही-४ पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो कंपनीने अनेकांत वाटलेला पत्ता आहे. २०१२ मध्ये हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. पत्ता १० ने सुरू होत असेल तरी अर्थ तोच. अशा पत्त्यावर बाहेरून कुणीही आत येऊ शकत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती आतल्या यंत्राकडे वळवणं) कितीही करा, काही उपयोग नाही, कारण खरं दार कंपनीकडे आहे आणि त्याची किल्ली तुमच्याकडे नाही. सिमवर बाहेरून कॅमेरा न दिसण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

मग व्ही-६ पाहा. पत्ता २ ने सुरू होत असेल, आपल्याकडे बहुधा २४ ने, तर तो खरा जागतिक पत्ता. एफई८० ने सुरू होणारा पत्ता प्रत्येक यंत्र स्वतःच बनवतं, तो राउटरच्या पलीकडे जात नाही. तेवढाच दिसत असेल तर व्ही-६ मिळालेलं नाही. अशा वेळी सिमच्या सेटिंगमधलं एपीएन (कंपनीच्या इंटरनेटला जोडायची सेटिंग) उघडा. तिथे प्रोटोकॉल किंवा पीडीपी टाइप नावाची ओळ असते आणि पुष्कळदा ती नुसत्या आयपीव्ही४ वर अडकलेली असते. ती आयपीव्ही४व्ही६ करा आणि राउटर बंद-चालू करा. तरीही आलं नाही, आणि तुम्ही यूएसबी डोंगल वापरत असाल, तर काही डोंगल स्वतःच राउटर बनून बसतात आणि पुढच्या राउटरला १९२.१६८ चा पत्ता वाटतात. त्यांच्यापलीकडे व्ही-६ येत नाही. यावर उतारा आहे, तो चौथ्या पायरीत.

पायरी दुसरी: मधला मुक्काम

वावरातल्या राउटरला बाहेरून हाक मारता येत नाही, पण तो स्वतः बाहेर हाक मारू शकतो. म्हणून दोघांना भेटायला एक तिसरी जागा लागते. भाड्याने मिळणारा छोटा लिनक्स सर्व्हर, ज्याला व्हीपीएस म्हणतात, तो घ्या. सगळ्यात लहान आकाराचा पुरतो. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला मिळाला तर बघा, कारण वावर ते सर्व्हर आणि सर्व्हर ते पुणे असा दुहेरी प्रवास आहे. सर्व्हर युरोपात असेल तर चित्र अडखळत येईल.

घेताना एकच अट पाळा: त्याला व्ही-४ आणि व्ही-६ दोन्ही पत्ते हवेत. स्वस्त पडतो म्हणून नुसता व्ही-६चा घेऊ नका. वावरातला राउटर व्ही-६ने येईल, पण मुलाच्या पुण्यातल्या रूमवरचं वायफाय नुसतं व्ही-४चं असू शकतं. दोन पिढ्यांची गाठ या सर्व्हरवरच पडणार आहे.

पायरी तिसरी: वायरगार्ड बसवा

टनेलसाठी अनेक साधनं आहेत. नवख्याने वायरगार्डच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे, सेटिंगच्या ओळी मोजक्या आहेत, आतलं सगळं कुलूपबंद जातं, आणि त्याला आत व्ही-४ की बाहेर व्ही-६ याचा फरक पडत नाही.

प्रत्येक यंत्राला किल्ल्यांची जोडी लागते: प्रायव्हेट की आणि पब्लिक की. प्रत्येक की ४४ अक्षरांची, शेवटी बरोबरचं चिन्ह. प्रायव्हेट की ज्या यंत्रावर बनली तिथून हलवायची नाही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. पब्लिक की मात्र समोरच्याला द्यायचीच असते.

आता टनेलच्या आतले पत्ते ठरवू. (इथे अंक मराठीत आहेत, यंत्रात इंग्रजी अंक टाका.) सर्व्हर १०.८.०.१, वावरातला राउटर १०.८.०.२, मुलाचा फोन १०.८.०.३. आणि एक काम आत्ताच करून घ्या: वावरातल्या वायफायचा पत्ता १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० असेल तर बदलून १९२.१६८.७७ करा. पुण्यातल्या राउटरवरही बहुधा १९२.१६८.१ च असतो. दोन्हीकडे सारखा पट्टा असला तर फोन डीव्हीआरला स्वतःच्याच खोलीत शोधत बसतो आणि टनेल अगदी बरोबर असूनही काही दिसत नाही.

सर्व्हरवर तीन गोष्टी करायच्या. पहिली, यूडीपी पोर्ट ५१८२० उघडा (पोर्ट म्हणजे यंत्रात यायचं क्रमांकाचं दार). हा पोर्ट सर्व्हरच्या आत आणि व्हीपीएसवाल्याच्या पॅनेलवर अशा दोन्ही ठिकाणी उघडावा लागतो. पॅनेलवर व्ही-४ आणि व्ही-६ साठी नियम वेगवेगळे असतात. लोक व्ही-४चा नियम टाकतात, व्ही-६चा विसरतात, आणि मग फोन जोडला जातो पण वावर जोडलं जात नाही.

दुसरी, फॉरवर्डिंग चालू करा, आणि ते व्ही-४चं. बाहेरचा रस्ता व्ही-६ असला तरी सर्व्हर फोनकडून वावराकडे जे पुढे ढकलणार आहे ते आतलं पाकीट आहे, आणि ते व्ही-४ आहे. सर्व्हरच्या फायरवॉलमध्येही वायरगार्डकडून येऊन परत वायरगार्डकडेच जाणाऱ्या रहदारीला परवानगी द्या.

तिसरी, दोन पीअर, म्हणजे टनेलच्या पलीकडची यंत्रं, जोडा. वावराच्या पीअरला अलाउड आयपीजमध्ये दोन नोंदी: १०.८.०.२/३२ आणि १९२.१६८.७७.०/२४ (/३२ म्हणजे एकच पत्ता, /२४ म्हणजे सगळा पट्टा). फोनच्या पीअरला फक्त १०.८.०.३/३२. ही ओळ दुहेरी काम करते. कोणता पत्ता कुणाकडे पाठवायचा हेही तीच सांगते आणि कुणाकडून काय स्वीकारायचं हेही. वावराकडची दुसरी नोंद टाकायची राहिली, तर राउटरपर्यंत पिंग (यंत्र उत्तर देतं का हे पाहणारी हाक) जाईल पण डीव्हीआरपर्यंत जाणार नाही.

पायरी चौथी: वावरातला राउटर

राउटरच्या मेनूत वायरगार्ड आहे का पाहा. नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) चालणारा राउटर घ्या. मी तोच गृहीत धरतो. नेटवर्क, इंटरफेसेस, नवा इंटरफेस, प्रोटोकॉलमध्ये वायरगार्ड व्हीपीएन. पत्ता १०.८.०.२/२४ टाका, की बनवा. मग पीअर्समध्ये सर्व्हरची पब्लिक की, अलाउड आयपीज १०.८.०.०/२४, आणि खाली 'रूट अलाउड आयपीज' नावाची चौकट असते, तिच्यावर टिक करा. ती टिक करायची राहिली तर हँडशेक (दोन यंत्रांची किल्ल्यांवरून ओळख पटणं) होऊनही रहदारी अडू शकते, आणि माणूस किल्ल्या तपासत बसतो.

एंडपॉइंट होस्टमध्ये, म्हणजे टनेल कुणाला हाक मारणार त्या जागी, सर्व्हरचा व्ही-६ पत्ता थेट टाका. डोमेनचं नाव टाकलं तर राउटर कधी व्ही-४ निवडेल, आणि लाइट आल्याबरोबर, सिमला नेटवर्क मिळायच्या आत नाव शोधायला गेला तर अडकेलही. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ ठेवा. म्हणजे दर २५ सेकंदांनी राउटर सर्व्हरला एक छोटं पॅकेट पाठवत राहतो आणि कंपनीच्या फायरवॉलमधली वाट बुजत नाही. व्ही-६वर भाषांतर नसलं तरी फायरवॉल असतेच, म्हणून हे इथेही हवं.

डोंगलमुळे किंवा सिममुळे व्ही-६ मिळतच नसेल, तर याच जागी सर्व्हरचा व्ही-४ पत्ता टाका. बाकी काहीही बदलावं लागत नाही. वाटून दिलेल्या व्ही-४मधूनही टनेल बाहेर पडतो, फक्त वाटेत कंपनीच्या भाषांतराचा टप्पा येतो आणि गर्दीच्या वेळी तो टप्पा जड होतो. मिळत असेल तिथे व्ही-६च वापरा.

मग फायरवॉलच्या पानावर वायरगार्डचा इंटरफेस एका झोनमध्ये टाका आणि त्या झोनमधून लॅनकडे (वावरातल्या आतल्या नेटवर्ककडे) जायला परवानगी द्या. शेवटी डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता) १९२.१६८.७७.१ आहे ना पाहा. बसवणाऱ्याने ती जागा रिकामी सोडली असेल तर डीव्हीआरपर्यंत विनंती पोचते, पण उत्तर कुठे द्यायचं हे त्याला कळत नाही.

पायरी पाचवी: फोन

वायरगार्डचं ॲप घ्या, पत्ता १०.८.०.३/३२, अलाउड आयपीजमध्ये १०.८.०.०/२४ आणि १९२.१६८.७७.०/२४. इथे सगळीकडे शून्य टाकलेले नमुने खूप सापडतात. ते टाकलेत तर फोनचं सगळंच इंटरनेट तुमच्या छोट्या सर्व्हरवरून फिरेल. एंडपॉइंटमध्ये सर्व्हरचा व्ही-४ पत्ता, मग विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, मग ५१८२०. व्ही-६ पत्ता टाकायचा असेल तर तो चौकोनी कंसात, कारण पत्त्यातही तीच टिंबं असतात.

टनेल चालू करा आणि क्रमाने तपासा: आधी १०.८.०.१ ला पिंग, मग १०.८.०.२, मग १९२.१६८.७७.१, आणि शेवटी डीव्हीआर. जिथे थांबेल तिथेच दोष आहे. सर्व्हरवर शेवटचा हँडशेक किती वेळापूर्वी झाला ते दिसतं. तो दिसतच नसेल तर किल्ल्या, पोर्ट किंवा पत्ता चुकला आहे. तो ताजा असूनही पिंग जात नसेल तर अलाउड आयपीज किंवा फायरवॉल.

डीव्हीआरचं पान आता थेट इंटरनेटवर उघडं नाही, फक्त टनेलमधूनच दिसतं. ही फार मोलाची गोष्ट आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातले उघडे कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातल्या पासवर्डने ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट पाडल्या. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड तरीही बदलाच.

पिंग जातं, पण चित्र येत नाही

ही तक्रार टनेलची खास आहे. पाकिटात पाकीट घातलं की बाहेरच्या पाकिटाला जागा लागते. सर्वसाधारण मर्यादा १५०० बाइटची. वायरगार्ड बाहेर व्ही-६ असताना ८० बाइट घेतं, म्हणून आत १४२० उरतात. पण मोबाइल नेटवर्कची स्वतःची मर्यादा १५०० पेक्षा कमी असू शकते. मग लहान पॅकेटं जातात, लॉगिनचं पान उघडतं, आणि व्हिडिओची भरलेली पॅकेटं वाटेत गळून पडतात. उपाय साधा आहे: वावरातल्या राउटरवर आणि फोनवर, दोन्हीकडे वायरगार्डचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १२८० करा. खात्री करायची तर कॉम्प्युटरवरून तुकडे न करण्याच्या अटीसह १२५२ बाइटचा पिंग पाठवा. त्यात २८ बाइटचे मथळे मिळवले की बरोबर १२८० होतात.

चित्र येतं पण डेटा संपतो, ही दुसरी तक्रार. १ एमबीपीएसचा प्रवाह तासाला ४५० एमबी खातो. रोज २ जीबीचं रिचार्ज असेल तर साडेचार तासही पुरत नाही. डीव्हीआरमध्ये सबस्ट्रीम (कमी दर्जाचा हलका प्रवाह) असतो, तो २५६ केबीपीएसवर आणा आणि बाहेरून पाहताना तोच निवडा. चोरी झाली किंवा रानडुकरं घुसली तर मोठं रेकॉर्डिंग डीव्हीआरवर आहेच.

उलट दिशा कुणाला लागते

तालुक्याच्या ठिकाणी जिनिंग किंवा कॉलेजकडे कायमचा व्ही-४ पत्ता असलेली लाइन असते, पण कंपनी व्ही-६ देत नाही. तिथे मात्र जुनाच मार्ग चालतो. हरिकेन इलेक्ट्रिक ही कंपनी टनेल ब्रोकर नावाने फुकट सेवा देते: खातं काढा, आपला व्ही-४ पत्ता द्या, यादीतून जवळचा सर्व्हर निवडा. तुमच्या पत्त्याने पिंगला उत्तर दिलं पाहिजे. हा टनेल आयपीच्या ४१ क्रमांकाच्या प्रोटोकॉलवर चालतो. ४१ हा पोर्ट नाही, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये तो शोधू नका. एमटीयू १४८० ठेवा. यात कुलूप नसतं, आणि आतल्या प्रत्येक कॉम्प्युटरला जगाला दिसणारा पत्ता मिळतो, म्हणून राउटरची व्ही-६ फायरवॉल आधी चालू करा, टनेल नंतर.

लाइट गेल्यावर

आपल्याकडे वावरातली लाइट दिवसातून किती वेळा जाईल सांगता येत नाही, आणि टनेल तिथेच दगा देतो. राउटरच्या घड्याळाला सेल नसतो. लाइट गेली की वेळ मागे जाते. वायरगार्ड प्रत्येक हँडशेकवर वेळ नोंदवतं आणि सर्व्हर आधीच्यापेक्षा जुनी वेळ असलेला हँडशेक नाकारतो, कारण कुणी जुनं पॅकेट चोरून पुन्हा पाठवत असेल अशी त्याला शंका असते. म्हणून राउटरमध्ये एनटीपी चालू ठेवा, म्हणजे तो इंटरनेटवरून वेळ जुळवून घेईल. वर सांगितल्याप्रमाणे अलाउड आयपीज १०.८.०.०/२४ एवढंच ठेवलं असेल तर ही विनंती टनेलबाहेरून सरळ जाते. सगळी रहदारी टनेलमध्ये घातली असेल तर वेळेसाठी टनेल हवा आणि टनेलसाठी वेळ हवी अशी अडवणूक होते.

वावरातून निघण्याआधी मेन स्विच पाडा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा आणि फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून डीव्हीआर उघडा. राउटरला हात न लावता चित्र आलं की सेटिंगचा बॅकअप फोनमध्ये उतरवून घ्या. त्या फाइलमध्ये प्रायव्हेट की असते, म्हणून ती कुणाला पाठवू नका.